उन्हाच्या आत घरी: खान्देशात थंडीनंतर पुन्हा सायकल सुरू करताना

पंचांगातला वसंत दोन महिन्यांचा. आमच्या जळगावकडच्या सायकलवाल्याच्या वाट्याला मात्र त्यातले सहा आठवडे आले तरी खूप. महाशिवरात्रीच्या सुमारास पहाटेचा गारठा सुटतो, होळीपर्यंत सकाळ छान असते, आणि पाडव्यानंतर नऊ वाजताच डांबर तापायला लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे गेला तर त्याची कोणी बातमीसुद्धा वाचत नाही. त्यामुळे थंडीत बंद पडलेली सायकल पुन्हा सुरू करायची तर ती माघ-फाल्गुनातच. थंडीत बंद का पडली, हे विचारू नका. पहाटेची झोप, लग्नसराई आणि शेतातल्या भरीत-पुरीच्या पार्ट्या, एवढी कारणं पुरेशी आहेत.

तीन वर्षांपूर्वी मीही असाच तीन महिन्यांच्या सुट्टीनंतर मार्चच्या पहिल्या रविवारी उठलो आणि थेट पद्मालयाच्या गणपतीला गेलो. एरंडोलपर्यंत हायवे, पुढे दहाएक किलोमीटर झाडीतला रस्ता. जाताना राजासारखा गेलो. तिथून परत निघतानाच पुढचं चाक बसलेलं दिसलं, त्यात अर्धा तास गेला, आणि परतीला अकरा वाजले. वारा पाठीशी होता, म्हणजे सोपं जायला हवं होतं. पण पाठीमागून येणारा वारा आपल्याच वेगाने चालतो तेव्हा अंगाला वाराच लागत नाही, घाम वाळत नाही आणि अंग तापत जातं. शेवटी एका निंबाखाली आडवा झालो. शेजारच्या शेतातले बाबा माठातलं पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "कथा चालना भो, इतला उनमा?" म्हणजे, कुठे चाललास भाऊ, एवढ्या उन्हात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून मी सायकलचा हिशोब उलटा करतो. किती किलोमीटर जायचं हे आधी ठरवत नाही, किती वाजता घरात असायचं ते ठरवतो. खाली जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी घड्याळ, मग अंतर

माझ्या वेळा अशा आहेत: फेब्रुवारीत दहाच्या आत घरी, मार्चमध्ये नऊ, एप्रिलमध्ये आठ, मेमध्ये साडेसात. आता मार्चअखेरचं उदाहरण घ्या. सूर्योदय साडेसहाच्या आसपास. सव्वासहाला उजाडायला लागतं तेव्हा निघालात आणि पावणेनऊला घरी यायचं म्हटलं तर हातात अडीच तास. त्यातला अर्धा तास पंक्चर, चहा आणि ओळखीच्या माणसाने थांबवणं यांसाठी आधीच बाजूला काढा. राहिले दोन तास. नव्याने सुरू करणाऱ्याचा वेग तासाला १५ किलोमीटर धरला तर एकूण ३० किलोमीटर, म्हणजे जाताना फक्त १५. साडेसातच्या आत चाक वळवायचं, मग समोर मंदिर एक किलोमीटरवर असो की अर्ध्या. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड आहे, कारण वळायची वेळ येते तेव्हा हवा गार असते आणि पाय नुकते मोकळे झालेले असतात.

वाऱ्याचं म्हणाल तर तो बघून निघा. रस्त्याकडेच्या झेंड्यावरून किंवा चुलीच्या धुरावरून कळतो. जाताना वारा समोर घ्यायचा आणि येताना पाठीशी, ही जुनी शहाणपणाची रीत बरोबर आहे. फक्त वर सांगितलं तसं, उन्हं चढल्यावर पाठीचा वारा दमवत नाही पण भाजतो.

पहिले चार आठवडे

ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखण्याचा त्रास आहे, जे चाळिशीपुढचे आहेत आणि वर्षभर काहीच केलेलं नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल तर अंग पूर्ण भरून येईपर्यंत थांबा.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड तीन वेळा, प्रत्येकी अर्धा तास, सपाट रस्त्यावर. वेगाचं मोजमाप एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले की हळू व्हा. दुसऱ्या आठवड्यात तोच वेळ पाऊण तास करा. तिसऱ्यात आठवड्याची एक फेरी सव्वा तासाची. चौथ्या आठवड्यात वाढवू नका, उलट थोडं कमी करा. पाय चार दिवसांत तयार होतात, पण गुडघ्याच्या शिरा आणि बूड यांना वेळ लागतो. त्यानंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढवत गेलात तरी पुष्कळ.

गियर हलका ठेवा. आपल्याकडे जड गियर टाकून दात-ओठ खात पायडल मारण्याला मर्दुमकी समजतात आणि मग गुडघे धरून बसतात. मिनिटाला ७५ ते ९० फेऱ्या पाय फिरला पाहिजे. मोजायला घड्याळ लागत नाही; १५ सेकंदांत उजवा पाय वीसेक वेळा खाली आला की जमलं.

सीटची उंची हा गुडघेदुखीचा दुसरा गुन्हेगार. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा पायडलवर ठेवून चालवलं की गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. थांबल्यावर दोन्ही पाय सपाट जमिनीला लागत असतील तर सीट खाली आहे, एवढं समजा. बूड दुखणं पहिले दहा दिवस सगळ्यांनाच असतं. गादीची सायकल-चड्डी घालणार असाल तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. हे दुकानदार सांगत नाही आणि लाजेपोटी आपण विचारत नाही.

उष्ण हवेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी रोज थोडं चालवणाऱ्याला एप्रिल सोसतो, आणि एप्रिलमध्येच पहिल्यांदा उतरणाऱ्याला नाही.

सायकल बाहेर काढण्यापूर्वी

तीन महिने गच्चीवर किंवा जिन्याखाली उभी असलेली सायकल वरून ठीक दिसते. तिला आदल्या रविवारी एक तास द्या, निघायच्या सकाळी नव्हे.

टायर आधी. हवा भरून दोन्ही बाजू अंगठ्याने दाबत चाक फिरवा. टायरच्या कुशीवर बारीक भेगा दिसल्या, धागे दिसले, तर टायर गेला. आमच्याकडच्या कोरड्या उष्ण हवेत रबर लवकर कडक होतं. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. ३५ मिलिमीटरच्या आसपासच्या हायब्रिड टायरला ५० ते ६० पीएसआय पुरतं. उन्हात ट्यूब फुटते म्हणून लोक अर्धीच हवा भरतात, तो गैरसमज आहे. हिशोब करून बघा: पहाटे २० अंशांत ६० पीएसआय भरलेलं टायर ५० अंशांपर्यंत तापलं तर दाब ६७-६८ पर्यंत जातो. धड टायरला त्याचं काही वाटत नाही. फुटतं ते भेगाळलेलं टायर, किंवा पेट्रोल पंपाच्या कॉम्प्रेसरवर भसकन भरलेलं. उलट हवा कमी असली की खड्ड्यात रिम आपटून ट्यूबला दोन भोकं एकदम पडतात.

ब्रेक ओढल्यावर दांडा हँडलला टेकता कामा नये. ब्रेकच्या रबरावर खाचा असतात, त्या झिजून सपाट झाल्या की रबर बदला. रबर चकचकीत झालं असेल तर पॉलिशपेपरने घासा आणि रिम कोरड्या कापडाने पुसा. दोन्ही ब्रेक स्वतंत्र तपासा: सायकल पुढे ढकला आणि एकेक दाबा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला बोटं किंवा तेल लावू नका.

चेनचं दुखणं आमच्या मातीचं आहे. काळ्या मातीचा फुफाटा इतका बारीक की जड तेलावर बसला की घासकागदाचं काम करतो. म्हणून गाडीचं इंजिन ऑईल चेनला घालू नका. हा सल्ला गॅरेजवाल्याला पटणार नाही. चेन केरोसीनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक कडीवर हलक्या चेन-ल्यूबचा एक थेंब. दहा मिनिटांनी वरचं सगळं तेल पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको. चेन झिजली का हे फूटपट्टीने कळतं: २४ पिनांचं अंतर बरोबर १२ इंच असलं पाहिजे. त्यात एक सोळांश इंच वाढ दिसली तर चेन बदला, एक अष्टमांश झाली तर मागची चक्रंही बहुधा गेली.

शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी टकटक लागली तर ती मिस्त्रीकडे. चाक फिरवून डोलत असेल तर आऊट काढून घ्या. चाकांचे नट, सीटचा बोल्ट, पायडल घट्ट करा. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, विसरून जोर लावला तर आटा जातो.

काटे

यावर जास्त बोलणार आहे, कारण खान्देशात सायकल सोडून देण्याचं खरं कारण ऊन नसून बाभूळ आहे.

हरभरा-गहू उभा असतो तेव्हा शेतकरी जनावरांपासून पीक राखायला बोरी-बाभळीचं काट्याचं कुंपण घालतो, आणि पीक निघालं की ते ओढून नेतो. ओढताना रस्त्यावर काटे सांडतात. कडेला वेड्या बाभळीचं रान आहेच. शेतातून येणाऱ्या पायवाटेवर सराटा असतो. एका सराट्याला सगळ्या बाजूंनी काटे, तो कसाही पडला तरी एक वर असतो. म्हणून साईडपट्टीच्या मातीत, विशेषतः बांधाजवळ, सायकल उतरवू नका. डांबराच्या कडेपासून एक-दीड फूट आत चाला.

जवळ हे असू द्या: एक नवी ट्यूब, टायर उचलायच्या दोन प्लास्टिक पट्ट्या, छोटा पंप, पॅच आणि सोल्युशन, आणि चाकाला नट असतील तर त्या मापाचा पाना. सोल्युशनची एकदा उघडलेली ट्यूब उन्हाळ्यात वाळून जाते, ती दाबून बघा. सायकलच्या ट्यूबला निमुळता, वर स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असेल, तर गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेचा बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर येतो, तो व्हॉल्व्हला कायमचा लावून ठेवा. तो नसल्याने मी एकदा चार किलोमीटर सायकल हातात धरून चाललोय, पंक्चरची दोन दुकानं वाटेत असताना.

रस्त्यात पंक्चर झालं तर ट्यूब बदला, पॅच घरी मारा. सावली गाठा, चाक काढा, हवा पूर्ण सोडा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने पट्ट्या घालून टायरची एक कड उचला आणि ट्यूब बाहेर ओढा. आता सगळ्यात महत्त्वाचं: काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि टायरवर त्याच जागी काटा शोधा. काटा आत राहिला तर नवी ट्यूब पाचशे मीटरही जाणार नाही. टायर आतून रुमालाने पुसत जा, बोटाने नको; रुमाल अडकला तिथे काटा. एक सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी करा. पद्मालयाला मला तीन सापडले होते. मग नवी ट्यूब किंचित हवा भरून आत बसवा म्हणजे पिळा पडत नाही, टायरची कड हातानेच चढवा आणि व्हॉल्व्हपाशी शेवट करा. हवा भरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी ट्यूब कडेखाली चिमटली नाही ना ते बघा.

घरी पॅच मारताना भोकाभोवती घासून खरबरीत करा, पातळ सोल्युशन लावा आणि चार-पाच मिनिटं वाळू द्या. ओल्यावर चिकटवलेला पॅच पहिल्या गरम दुपारी सुटतो.

टायरच्या आत बसवायची पट्टी किंवा ट्यूबमध्ये भरायचं सीलंट मिळतं. मी सीलंट वापरतो, बारीक काट्यांना चांगलं. पण उष्ण हवेत ते आत वाळतं. दोन-तीन महिन्यांनी तपासून पुन्हा घालावं लागतं.

पाणी आणि खाणं

तासाला किमान अर्धा लिटर पाणी, एप्रिलमध्ये त्याहून जास्त. तहान लागायची वाट न बघता पंधरा मिनिटांनी दोन-चार घोट. दीड तासाच्या पुढे साधं पाणी पुरत नाही. ओआरएसचं पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, अंदाजाने वाढवू नका. कैऱ्या आल्या की मीठ घातलेलं पन्हंही चालतं.

खायला दुसरीकडे लोक पाकिटातले बार विकत घेतात. आपण केळीच्या मुलखात राहतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात आणि साल हेच त्याचं पाकीट. तासाला एक पुरे. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी खाऊन पहाटे निघणाऱ्यांना मी काही सांगत नाही, रस्ताच सांगेल.

खिशात कांदा ठेवायची आमच्याकडे रीत आहे. आजीने दिला तर ठेवा, पण बाटली भरलेली आहे का तेही बघा. डोक्याला हेल्मेटच्या आत पातळ कापड, मानेवर भिजवलेला रुमाल, अंगात फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. हेल्मेटमुळे गरम होतं ही तक्रार खरी नाही. चालत्या सायकलवर त्याच्या भोकांतून वारा जातो. ते भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं नको.

डोकं दुखायला लागलं, मळमळलं, उन्हात असूनही अंगावर काटा आला किंवा थंडी वाजली, तर तिथेच उतरा. सावली, मानेवर-काखेत पाणी, घोट घोट ओआरएस. सोबतीचा माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात समजा: आधी अंगावर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला फोन लावा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रस्त्यावर

सुरत-नागपूर हायवे आणि मुंबई-आग्रा हायवे यांवर सायकल नेण्यात मजा नाही. शहरातून बाहेर पडण्यापुरती सर्व्हिस रोडने न्या आणि लवकर आतल्या रस्त्याला लागा. डाव्या बाजूनेच, वाहनांच्या दिशेनेच. समोरून येणारं दिसतं म्हणून उजवीकडून चालवणं चुकीचं आहे. ते पायी चालणाऱ्यांसाठी.

या दिवसांत रस्त्यावर काय काय असतं ते लक्षात घ्या. रावेर-यावल-चोपड्याकडे केळीचे ट्रक आणि पिकअप पहाटेच धावतात, ड्रायव्हर रात्रभर जागा असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि उसाचे किंवा पऱ्हाट्यांचे टोक दोन्हीकडे बाहेर. थ्रेशर चालू असेल तिथे भुसा थेट डोळ्यात येतो, म्हणून साधा पारदर्शक चष्मा हवाच. केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता गार लागतो, फार छान वाटतं, पण तिथेच पाण्याची पाईप गळून मातीचा चिखल झालेला असतो. त्यावर वळू नका, ब्रेक मारू नका, सरळ निघा. डांबर आणि साईडपट्टी यांत चार बोटांची पायरी असते. ट्रकला जागा देताना खाली उतरलात तर परत वर चढताना तिरकं चढू नका. थांबा, उचलून ठेवा.

पहाटे निघायचं म्हणजे अंधार आलाच. मागे लाल लुकलुकता दिवा, पुढे पांढरा, आणि पायडलला किंवा घोट्याला रिफ्लेक्टर. वर-खाली हलणारा रिफ्लेक्टर माणूस आहे हे लांबून सांगतो. उजाडेपर्यंत मी शहराच्या आतच फिरतो.

कुत्रं धावलं तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, आवाज चढवून ओरडा. दहापैकी नऊ कुत्र्यांना पाठलाग हवा असतो, माणूस नको.

जायचं कुठे

पहिले दोन आठवडे जळगावकरांना मेहरूण तलाव, धुळेकरांना नकाणे तलाव. कंटाळवाणं आहे, पण घर दहा मिनिटांवर असतं. महिन्यानंतर धुळ्याहून लळिंगपर्यंत जाऊन यायला हरकत नाही, किल्ला खालूनच बघून. पद्मालय, चाळीसगावजवळची पाटणादेवी, रावेरकडचं पाल हे दीड-दोन महिन्यांच्या सरावानंतर, आणि तेही फाल्गुनात पळस फुललेला असेपर्यंत. तोरणमाळचा सातपायरी घाट यंदाच्या यादीत नको. चढण्यापेक्षा उतरताना तो वाईट आहे. सतत दाबलेल्या ब्रेकने रिम तापते. ज्यांना जायचंच आहे त्यांनी दिवाळीनंतर जावं.

लांब जाणार असाल तर घरच्यांना वळण्याची वेळ सांगून ठेवा, नुसतं ठिकाण नको. फोनचं लोकेशन चालू, खिशात शंभर-दोनशेची सुट्टी नोट, आणि एका कागदावर नाव, रक्तगट, घरचा नंबर.

घरी आल्यावर सायकल थेट जिन्याखाली ढकलू नका. चाक हाताने फिरवत टायरवर बसलेले काटे आणि काचा नखाने उपटून काढा. आज अर्धा शिरलेला काटा उद्या पहाटे साडेपाचला आत पोचतो.